तिन्हीसांजेचे रडणे

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम तालुक्यात तिरुक्करुकावूर नावाचे गाव आहे. तिथल्या मुल्लैवननादर मंदिरात गर्भरक्षांबिका देवी आहे. मूल व्हावे म्हणून तिच्या पायाशी ठेवलेले तूप प्रसाद म्हणून घ्यायचे, सुखरूप सुटका व्हावी म्हणून तिथले एरंडेल पोटाला लावायचे, आणि बाळ झाले की त्याला घेऊन यायचे आणि देवळातल्या सोन्याच्या पाळण्यात निजवायचे, असा तिथला रिवाज. देवीची कथाही याच वळणाची. वेदिका नावाच्या गर्भवतीवर ऋषीचा कोप झाला, गर्भ जायची वेळ आली. देवीने तो घड्यात राखला आणि जन्मलेल्या मुलाच्या दुधासाठी कामधेनू आली. गर्भ, सुटका, पहिले दूध, पाळणा, अशी एकेका टप्प्याची काळजी या परंपरेने वाहिली आहे. त्यानंतरचा एक टप्पा मात्र ज्याच्या त्याच्या घरावर येऊन पडतो. बाळ दोन-तीन आठवड्यांचे होते, आणि दिवेलागणीला रडायला लागते. पोट भरलेले असते, लंगोट कोरडा असतो, ताप नसतो. तरी तास-दोन तास रडते. मुठी आवळते, पाय पोटाशी घेते, लालबुंद होते. मग एकाएकी थांबते आणि झोपी जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तेच रडणे.

या रडण्यावर घराघरात उपाय आहेत, वैद्यकात संशोधन आहे, बाजारात बाटल्या आहेत. त्या सगळ्यातून काय उरते आणि काय टाकून द्यावे, हे एकदा नीट पाहायला हवे. कारण याच तासा-दोन तासांत तान्ह्यांच्या पोटात नको त्या वस्तू जातात, आणि याच वेळी आया खचतात.

आधी रडण्याचे मोजमाप पाहू. १९६२ साली टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने ऐंशी निरोगी बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याची नोंद करून घेतली. रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत गेले, सहाव्या आठवड्याच्या आसपास दिवसाला सुमारे पावणेतीन तासांवर पोचले आणि मग उतरत गेले. सर्वांत जास्त रडणे संध्याकाळचे. २०१७ मध्ये डीटर वोल्के आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतल्या अशा नोंदी एकत्र केल्या. सरासरी पहिल्या सहा आठवड्यांत दिवसाला दोन ते सव्वादोन तास निघाली. बारा आठवड्यांपर्यंत ती तासा-सव्वातासावर आली. या नोंदी मुख्यतः श्रीमंत देशांतल्या आहेत, हे खरे. पण रोनाल्ड बार यांच्या गटाने कलाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांची बाळे पाहिली. ही बाळे दिवसभर आईच्या अंगावर असतात, आणि ती जरा कुरकुरली की तोंडात स्तन जातो. त्यांच्यातही पहिल्या दोन-तीन महिन्यांतला चढ दिसला. ती बाळे रडायची श्रीमंत देशांतल्या बाळांइतक्याच वेळा, फक्त दरवेळचे रडणे लवकर आटपायचे. या एका निष्कर्षात मला या साऱ्या प्रश्नाचे मर्म दिसते. रडणे सुरू होणे आपल्या हातात नाही. ते किती लांबावे, यात मात्र आपला हात आहे.

संध्याकाळच का? एकच एक उत्तर नाही. नवजात बाळाचे दिवसरात्रीचे घड्याळ अजून लागलेले नसते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन त्याच्या शरीरात लयीने तयार व्हायला दोन-तीन महिने जातात. दिवसभराचे आवाज, उजेड, पाहुण्यांचे हात, उकाडा हे सारे साठत जाते आणि दिवस मावळताना त्याला ते पेलवत नाही. आईच्या दुधाचाही दिवसभरात फरक पडतो: सकाळी ते भरपूर, संध्याकाळी थोडे कमी पण अधिक स्निग्ध. म्हणून बाळ संध्याकाळी दर अर्ध्या तासाने अंगावर पिऊ पाहते. इथेच घरात कुणीतरी म्हणते, 'तुझं दूध पुरत नाही गं त्याला.' आणि पावडरचा डबा आणला जातो. बाळाला दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन रोज वीस-तीस ग्रॅमने चढत असेल, तर दूध पुरते आहे. डब्याची गरज नाही. डबा आला की स्तनपान कमी होते, स्तनपान कमी झाले की दूध खरोखरच आटते.

फार रडणाऱ्या बाळांसाठी डॉक्टरांकडे 'कोलिक' हा शब्द आहे. १९५४ साली मॉरिस वेसेल यांनी त्याला मोजपट्टी दिली: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. २०१६ च्या, पचनविकारांसाठीच्या रोम निकषांनी ही मोजपट्टी उपचारापुरती बाजूला ठेवली आणि पाच महिन्यांच्या आतल्या, वजन नीट वाढणाऱ्या, एरवी निरोगी बाळाच्या उगी न राहणाऱ्या रडण्याला हे नाव दिले. नाव काहीही द्या, या बाळांतल्या फार थोड्यांमध्ये शोधून सापडणारा आजार निघतो.

आपल्या जुन्या वैद्यकानेही या रडण्याकडे बारकाईने पाहिले आहे. काश्यपसंहितेत वेदनाध्याय म्हणून एक अध्याय आहे. बोलता न येणाऱ्या बाळाला कुठे दुखते आहे, ते त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे, हे त्यात सांगितले आहे. पोटशूळ असेल तर ते अंगावर पीत नाही, रडते, पोट ताठरते, तोंडाला घाम येतो. औषधाआधी निरीक्षण, हा तिथला क्रम मोलाचा. तंजावरात दुसऱ्या सरफोजी राजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) धन्वंतरी महाल उभारला. तिथल्या अनुभवसिद्ध औषधयोगांचे तमिळ पद्यसंग्रह 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे छापले. त्यांतला एक भाग गर्भिणी आणि बालरोगांवर आहे. कावेरीच्या खोऱ्यात मराठी राजाने तमिळ वैद्यांकडून बाळांची औषधे टिपून घ्यावीत, ही तंजावरची खरी कमाई आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो. तरीही ग्रंथातले औषध आज तान्ह्याच्या जिभेवर ठेवायचे का, हा प्रश्न वेगळा आहे.

कारण ते ठेवले जाते, रोज. महाराष्ट्रात गुटी, तमिळनाडूत उरैमरुंदु. दोन्हींतले घटक पाहिले तर एकच दुकान वाटावे: हिरडा, सुंठ, जायफळ, मायफळ, वेखंड. सकाळी न्हाऊ घालून झाले की आजी सहाण पुढे ओढते, आईच्या दुधात एकेक मुळी ठरलेले वेढे उगाळते आणि बोटाने चाटवते. तंजावरकडे वेखंडाला, म्हणजे वसंबूला, विशेष मान. ते एरंडेलात बुडवून दिव्याच्या ज्योतीवर काळे होईस्तोवर जाळायचे, उगाळायचे, बेंबीभोवती फासायचे, थोडे जिभेला लावायचे. वेखंडाच्या मण्यांचे वळे बाळाच्या मनगटात असतेच. या सगळ्या कृतीत आजीचा हात, तिची एकाग्रता, तिची माया आहे, आणि तिला उणे लेखण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण वस्तुस्थिती सांगायलाच हवी. वेखंडात बीटा-अॅसरोन नावाचे घातक द्रव्य असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्येच वेखंड खाण्यात वापरायला बंदी केली. जायफळाने बाळ झोपते ते गुंगीने. वेढे कितीही मोजले तरी मुळी किती झिजली ते कळत नाही, सहाण उकळलेली नसते, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे. मधाचे तर बोटही नको: त्यात असू शकणाऱ्या बोट्युलिझमच्या बीजाणूंनी एक वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. वेखंडाचे वळे मनगटातही नको, कारण बाळ ते चोखते. परंपरेचा मान राखायचा तर ते पूजेच्या तबकात ठेवावे.

गुटीहून भयंकर प्रकरण 'बाळागोळी'चे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची ही गोळी देऊन निजवत. त्या काळच्या कामगार-चौकश्यांत तिचा उल्लेख वारंवार येतो. पाळणाघर नाही, रजा नाही, चाळीतली खोली दहा बाय दहाची, शेजारचा माणूस रात्रपाळी करून झोपलेला. अशा आईला दोष देणे सोपे, पण तिला सुटका कुणी दिली होती? अमेरिकेतही १८४९ पासून विकले जाणारे 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' मॉर्फिनचेच होते, आणि त्याने कित्येक बाळे कायमची निजली. बाळाला औषधाने गप्प करण्याची पाळी येते, तेव्हा बहुतेक वेळा आईजवळ दुसरा माणूस नसतो.

ग्राइप वॉटरची बाटली याच वाटेवरची, पण पुष्कळ सौम्य. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये ती बाजारात आणली. बडीशेपेच्या जातीचे शेपाचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि सुमारे ३.६ टक्के मद्यार्क, असा मूळ नुसखा. बाळाला हायसे वाटे ते बहुधा मद्यार्काने आणि गोडीने. आजच्या बाटलीत मद्यार्क नसतो. भारतात, विशेषतः तमिळनाडूत, आजी-आई-लेक अशा पिढ्यांच्या साखळीची तिची जाहिरात इतकी घरोघरी पोचली की बारशाच्या आहेरात ती बाटली असणे गैर वाटत नाही. पण त्यातल्या गोड पाण्याने रडण्याचा चढ कमी होतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. सिमेथिकोनच्या थेंबांचेही तसेच. चाचण्यांत ते साध्या पाण्याहून सरस ठरले नाहीत. डायसायक्लोमिन सहा महिन्यांच्या आत देऊच नये, त्याने श्वास थांबल्याच्या नोंदी आहेत. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या थेंबांना अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये काही गुण आढळला आहे, वरचे दूध पिणाऱ्यांमध्ये नाही. आणि तेही डॉक्टरांना विचारूनच. मेळघाटात पोट फुगले म्हणून तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देतात, त्याबद्दल एकच म्हणायचे: तो उपाय नव्हे, जखम आहे, आणि ती थांबवणे आपणा सर्वांचे काम आहे.

मग राहते काय? पुष्कळ राहते, आणि त्यातले बरेच पापनाशमच्या आणि आपल्या आज्यांना आधीपासून येते.

कुंभकोणम, पापनाशमचा हा पट्टा विड्याच्या पानांचा. कुंभकोणमच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्या घरांत आणि आपल्याकडेही बाळाचे पोट कडक लागले की पानाला एरंडेलाचे बोट फिरवून ते दिव्यावर शेकतात आणि पोटावर ठेवतात. पान आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे, तिथे कोमट लागले तरच बाळाला. पानात औषध आहे असा माझा दावा नाही. पण ऊब आहे, हळू फिरणारा हात आहे, आणि पोटात काहीच जात नाही. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हात फिरवणे, पाय सायकलसारखे हलवणे, बाळाला पालथे करून आपल्या हाताच्या लांबीवर तोलून धरणे, हेही त्याच जातीचे.

सर्वांत मोठा उपाय मात्र उचलून घेऊन चालण्याचा. १९८६ मध्ये मॉन्ट्रियलच्या हुंझिकर आणि बार यांनी नव्व्याण्णव आयांपैकी निम्म्यांना बाळ रोज जास्त वेळ कडेवर, छातीशी घ्यायला सांगितले, रडायची वाट न पाहता. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचे रडणे एकूण ४३ टक्क्यांनी आणि संध्याकाळच्या वेळेत ५१ टक्क्यांनी कमी निघाले. पुढे कोलिकच ठरलेल्या बाळांवर हाच प्रयोग केला तेव्हा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. फार रडणारे बाळ कितीही घेतले तरी रडू शकते आणि त्यात घेणाऱ्याची कसूर नसते. २०२२ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटाने बारकाईने मोजले: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे सरळ, न थांबता चालले की ते शांत होते; बरीच बाळे झोपतातही, पण लगेच खाली ठेवली की जागी होतात. झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे, मग ठेवावे. रडणाऱ्या बाळाला न चालता नुसते घेऊन बसल्याने मात्र तो परिणाम होत नाही. ओसरीत येरझारा घालणाऱ्या आजोबांना हे कुणी शिकवले नव्हते.

चालून पाय दुखले की झोळी. तमिळ घरांत जुन्या सुती साडीची तूळि आढ्याच्या हुकाला टांगतात. आपल्या शेतमजूर बायांची झोळी झाडाच्या फांदीला. झोका, अंधार, कपड्याची मऊ कुशी, सगळे बाळाला मानवणारे. एक धोका तेवढा आहे: झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट दबू शकते. म्हणून शांत करण्यापुरती झोळी, डोळ्यांसमोर. झोपले की उताणे, सपाट, घट्ट गादीवर, उशीशिवाय. गुंडाळायचे तर सुती पातळ कापडात, हात छातीशी आणि पाय मोकळे. तंजावरच्या उकाड्यात टोपी-मोजे घातलेले बाळ गरमीनेच रडते. साम्ब्राणीचा, ओव्याचा, वेखंडाचा धूर बंद करावा. तो कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही.

आणि गाणे. पापनाशमपासून फार लांब नसलेल्या तिरुवैयारूत त्यागराजांनी (१७६७ ते १८४७) देवाला निजवण्याच्या रचना केल्या, त्यांत पाळण्याची रचना नीलांबरी रागात आहे. दक्षिणेत नीलांबरी म्हणजे अंगाईचा राग, इतके हे नाते पक्के. तंजावरच्या मराठी घरात आई मराठीत गाते, शेजारीण तमिळ तालाट्टु म्हणते, बाळाला दोन्ही चालतात. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बाळांना अनोळखी भाषांतल्या अंगाया ऐकवल्या. इतर गाण्यांपेक्षा त्यांनी बाळांच्या हृदयाचे ठोके जास्त मंदावले. पण आपल्या आईचा आवाज नवजात बाळ ओळखते, हे त्याआधी १९८० मध्येच दिसले होते. तेव्हा मोबाइलवर लावलेल्या अंगाईपेक्षा बेसूर का होईना, घरचा गळा बरा.

या सगळ्यात आईचे काय? बाळ रडले की पहिला प्रश्न तिलाच: 'काय खाल्लंस?' डाळ बंद, कोबी बंद, फळे बंद. पथ्य आवळत जाते आणि ती अशक्त होत जाते. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची खरी अॅलर्जी असलेली थोडी बाळे असतात; त्यांच्या शीमध्ये रक्त, अंगावर चट्टे, वजन न वाढणे अशा खुणा दिसतात, आणि तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार बदलावा. बाकी आयांनी पोटभर, चौरस जेवावे. दृष्ट काढायची तर मीठ-मोहऱ्या बाळापासून दूर विस्तवावर टाकाव्यात. आजीचे मन निवते, त्यात वाईट काही नाही. फक्त दृष्ट काढून डॉक्टरकडे जायला उशीर होऊ नये. आणि हात थरथरू लागले, संताप आला, तर बाळाला उताणे सुरक्षित ठेवून दहा मिनिटे बाहेर यावे. त्याला गदागदा हलवणे कधीही नको. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. आई सतत रडते, तिला बाळाजवळ जावेसेच वाटत नाही, अशी चिन्हे दिसली तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

दवाखान्यात केव्हा धावायचे? तीन महिन्यांच्या आत १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध न ओढणे, मलूल पडणे, मिनिटाला साठच्या वर श्वास, टाळू फुगणे, जांघेत गाठ. आणि एकाएकी सुरू झालेले, वेगळ्याच सुरातले रडणे. तेव्हा बोटांना, पायाला गुंडाळलेला केस वा दोराही पाहावा. अशा वेळी वाट पाहू नये.

आता मला खरे म्हणायचे ते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना सांभाळायची पद्धत आहे; तमिळ घरांतही चाळीस दिवसांचा हिशेब तसाच. मालिशवाली तोवर येते, स्वयंपाकाला तोवर दुसरे हात असतात. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत अभय आणि राणी बंग यांनी सिद्ध केलेल्या घरोघरी नवजात-सेवेवर देशाचा कार्यक्रम २०११ मध्ये उभा राहिला. त्यात गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशा, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. बाळाचे रडणे क्षीण झाले का, हा तिच्या यादीतला प्रश्न असंख्य जीव वाचवणारा आहे. पण रडण्याचे शिखर येते सहाव्या आठवड्यात, म्हणजे त्याच ४२ व्या दिवसाच्या आसपास. मालिशवालीची शेवटची फेरी, आशाची शेवटची नवजात-भेट, आईचे स्वयंपाकघरात परतणे आणि बाळाचे सर्वांत जास्त रडणे, हे सारे एकाच आठवड्यात येते. पुढची घरभेट थेट तिसऱ्या महिन्यात, रडणे ओसरल्यावर.

यावर मोठा खर्च लागत नाही. तमिळनाडूने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या आयांना १६ वस्तूंचे बाळ-पेटारे द्यायला सुरुवात केली. त्यात खुळखुळाही होता. त्या पेटाऱ्यात, आणि आपल्या आशाच्या २८ व्या दिवसाच्या भेटीत, चार वाक्ये घालावीत: संध्याकाळचे रडणे वाढेल, सहाव्या आठवड्यानंतर उतरेल, त्यावर बाटली वा गुटी नको, आणि या खुणा दिसल्या तर लगेच या. सहा आठवड्यांची लस घ्यायला जवळजवळ प्रत्येक आई केंद्रावर येतेच; तिथेही हेच सांगता येईल. आणि ज्यांच्या घरी तान्हे आहे त्या बाबांना, आजोबांना, काकांना, मावश्यांना विनंती: सव्वा महिना झाला म्हणून हात काढून घेऊ नका. उरलेले सहा-सात आठवडे, रोज दिवे लागले की बाळ आईकडून आपल्याकडे घ्या आणि चालायला लागा.